मोल्सवर्थ नावाची वाडी

चार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी मराठी शब्दकोशांवर एक लेख लिहिला आणि त्यात, वाचकाला घटकाभर गंमत वाटावी म्हणून, एक वाक्य बेधडक घालून दिले. मोल्सवर्थ या आडनावातील 'मोल' म्हणजे आपलेच मोल आणि 'वर्थ' म्हणजे इंग्रजीतले मोल, तेव्हा ज्याच्या नावातच किंमत दोनदा आली आहे त्याच्या कोशाची किंमत आपण कोण करणार, अशा आशयाचे ते वाक्य होते. ही कोटी माझी नव्हती. ज्या छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून सव्वीस वर्षे काम केले, तेथील आमचे वरिष्ठ ती महिन्यातून एकदा तरी करीत. कोशाला ते 'मोलेसरशास्त्री' म्हणत आणि एखाद्या शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घावरून वाद पेटला की, "विचारा मोलेसरशास्त्र्यांना," असे म्हणून तो जाडजूड ग्रंथ टेबलावर आदळत. अंक निघाल्यानंतर महिनाभराने सांगली जिल्ह्यातील एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात दोनच ओळी होत्या. आडनावाची ही व्युत्पत्ती आपण विनोदाने सांगितली आहे की खरोखरीची म्हणून, आणि खरोखरीची असल्यास तिला आधार काय, ते कृपया कळवावे.

जिने उभे आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने खुणा करण्यात घालवले, तिला असे पोस्टकार्ड येणे म्हणजे काय, हे त्या व्यवसायातील माणसांनाच कळेल. आधार माझ्याकडे काहीच नव्हता. जेम्स टॉमस मोल्सवर्थ याने जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंच्या आणि अनेक मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि पुष्कळ वाढवलेली, सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली, आणि तीच दुसरी आवृत्ती १९७५ साली पुण्यात पुन्हा छापली गेल्यामुळे माझ्यासारख्यांच्या हाती आली, एवढे मला पाठ होते. परंतु ज्या नावाने मी तो ग्रंथ रोज उघडत होते, त्या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुढच्या मार्चमध्ये मी मुलीकडे इंग्लंडला, पीटरबरोला, सहा महिन्यांसाठी जाणार होते. ते पोस्टकार्ड मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवले.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. घरातला इंग्रजी शब्दकोश उघडून 'मोल' या शब्दाखाली काय दिले आहे ते पाहिले. अंगावरचा तीळ किंवा चामखीळ, जमिनीखाली बिळे पोखरणारा मऊ काळ्या केसांचा एक लहान प्राणी, आणि बंदरात लाटा अडवण्यासाठी बांधलेला दगडी धक्का, असे तीन अर्थ तेथे निघाले. 'वर्थ' म्हणजे तर योग्यता, किंमत. यांतून तिळाची किंमत, प्राण्याची किंमत किंवा धक्क्याची किंमत असे काहीतरी तयार होत होते आणि त्यांपैकी कशालाच आडनावाचा वास नव्हता. माझी ही धडपड पाहून जावयांनी एका जत्रेतल्या दुकानातून वीस पौंडांना एक चौकट आणून दिली. "आई, हे तुमचे काम झाले," असे म्हणून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. पिवळसर कागदावर वळणदार अक्षरांत 'मोल्सवर्थ घराण्याचा प्राचीन इतिहास' लिहिलेला होता, वर ढाल आणि शिरस्त्राण यांचे चित्र होते, आणि बिळे करणाऱ्या त्या प्राण्यांनी भरलेल्या जमिनीवरून हे नाव पडले, असा निर्वाळा दिलेला होता.

ती चौकट मी दोन दिवस मनापासून खरी मानली, हे कबूल केले पाहिजे. नंतर कळले ते असे की, इंग्लंडच्या कायद्यानुसार ढालीवरचे कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आणि त्याची नोंद ठेवण्यासाठी लंडनमध्ये १४८४ सालापासून स्वतंत्र कार्यालय आहे. नावसाधर्म्यावर कोणाचीही ढाल भिंतीवर लावणे म्हणजे केवळ आडनाव शिंदे आहे म्हणून ग्वाल्हेरच्या सरदारांचा शिक्का वापरण्यासारखे आहे. प्राण्याची गोष्ट तर याहून पोकळ निघाली. त्या प्राण्याला 'मोल' म्हणण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या आसपास दिसू लागते. त्याआधीचे इंग्रज त्याला निराळ्याच शब्दाने ओळखत. नाव त्याहून जुने असेल, तर तो प्राणी त्या नावात शिरणार कोठून?

परंतु नाव जुने आहे हे ठरवायचे कसे? येथे मला पीटरबरोच्या ग्रंथालयातील एका वयस्क बाईंनी मार्गावर आणले. स्थानिक इतिहासाच्या कपाटांपाशी त्या बसत. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मला पहिल्यांदा गप्प केले आणि मग सांगितले की, नावाचा अर्थ विचारू नका, नावाचे सर्वांत जुने लेखन विचारा. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढणारा माणूस हमखास फसतो. हे वाक्य मी स्वतः छापखान्यात नव्या मुलींना वेगळ्या शब्दांत शंभरदा सांगितले होते. त्यांनी पुढे हेही सांगितले की, मोल्सवर्थ हे इंग्लंडमध्ये फारसे न आढळणारे आडनाव असले तरी ते कोठून आले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या नावाचे एक गाव आहे, आणि ते येथून मोटारीने अर्ध्या तासाहून थोडेच अधिक दूर, जुन्या हंटिंग्डनशायर परगण्यात, आज केंब्रिजशायरमध्ये मोडणाऱ्या भागात आहे. मी खुर्चीतून उठलेच. इतके दिवस एका माणसाच्या नावाचा अर्थ शोधत होते आणि ते आमच्या गावांसारखे गावाचे नाव निघाले होते.

गावाचे सर्वांत जुने लेखन मिळते ते १०८६ सालच्या 'डूम्सडे' दप्तरात. नॉर्मंडीहून येऊन १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने वीस वर्षांनी साऱ्या राज्याची पाहणी करवली. कोणत्या गावात किती नांगर चालतात, किती कुरण आहे, किती कुळे आहेत, जमीन पूर्वी कोणाकडे होती व आता कोणाकडे आहे, हे सगळे लॅटिनमध्ये लिहून घेतले. आपल्याकडच्या ताळेबंदांची आणि पाहणीखरड्यांची आठवण यावी असे ते काम आहे. मूळ दप्तर लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि परगणावार छापील प्रती ग्रंथालयांत मिळतात. हंटिंग्डनशायरच्या खंडात त्या बाईंनी मला ओळ दाखवली. तेथे गावाचे नाव 'मोलेसवर्डे' असे लिहिलेले आहे. शेवटी 'थ' नाही, 'ड' आहे.

आणि मी लगेच दुसऱ्यांदा फसले. ते अक्षरसमूह पाहताच माझ्या डोळ्यांनी ते 'मोले' आणि 'स्वोर्ड' असे तोडले. तलवार! शिवाय घरी परत आल्यावर वाचनात आले की, या आडनावाच्या रॉबर्ट मोल्सवर्थ नावाच्या राजकीय लेखकाला १७१६ साली आयर्लंडच्या सरदारमंडळात 'स्वोर्ड्सचा व्हायकाउंट मोल्सवर्थ' असा किताब मिळाला होता. दोन्ही ठिकाणी तलवार आल्यावर आता दुसरा पुरावा कशाला हवा, असे मला वाटले, आणि रात्री मी मुलीला उत्साहाने सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे विचारले, "आई, पुण्यातल्या शनिवार पेठेत शनी राहतो का?" दुसऱ्या दिवशी शोध घेतला तेव्हा कळले की, स्वोर्ड्स हे डब्लिनच्या उत्तरेचे एक गाव असून त्याचे आयरिश नाव 'सोर्ड' आहे, आणि त्याचा अर्थ शुद्ध, निर्मळ असा होतो. तलवारीचा तेथे काही संबंध नाही, आणि हंटिंग्डनशायरमधल्या गावाचा तर त्याहून नाही. दोन नावे एका किताबात शेजारी आली, हा निव्वळ योगायोग होता.

ग्रंथालयातल्या बाईंना मी ही फजिती सांगितली तेव्हा त्यांनी मला इंग्लंडच्या नकाशावर बोट ठेवून काही नावे मोठ्याने वाचायला लावली. वाँड्सवर्थ, हार्मंड्सवर्थ, आयलवर्थ, केनिलवर्थ, टॅमवर्थ. हा शेवटचा तुकडा म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'वोर्थ', आणि त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, त्या कुंपणातले घर, शेतवाडा, वस्ती. किंमत या अर्थाचा 'वर्थ' हा दिसायला जुळा, पण निराळा शब्द आहे. नॉर्मन लेखनिकांच्या फ्रेंच वळणाच्या जिभेला शेवटचा तो दाताआडचा ध्वनी जमत नसे, म्हणून ते त्याजागी 'ड' किंवा 'ट' लिहीत. पुण्याचे 'पूना' आणि खडकीचे 'किर्की' ज्या रीतीने झाले, ती रीत इंग्रजांनी आपल्याकडे येण्यापूर्वी सातशे वर्षे स्वतः सोसली होती, हे मला त्या वेळी समजले आणि मनातल्या मनात थोडे बरेही वाटले.

या 'वोर्थ'च्या आधी बहुधा मालकाचे नाव येते. वाँड्सवर्थ ही वेंडेल नावाच्या माणसाची जागा, केनिलवर्थ ही किनेहिल्ड नावाच्या स्त्रीची, हार्मंड्सवर्थ ही हेरेमोडची. टॅमवर्थसारखी काही नावे नदीवरून पडली आहेत, पण ती थोडी. मराठी वाचकाला परिचित असलेल्या वर्ड्सवर्थ या कवीचे आडनावही याच घाटाचे आहे. त्याचा 'शब्द' किंवा 'शब्दांचे मोल' यांच्याशी संबंध नाही. ते यॉर्कशायरमधल्या वॉड्सवर्थ या गावावरून आले आणि ते गाव वॅडी नावाच्या कोणा माणसाचे कुंपण होते. शब्दांचे मोल जाणणारा कवी, ही कोटी करणारे प्राध्यापक मी ऐकले आहेत. माझ्या वरिष्ठांना निदान या बाबतीत संगत होती.

मग 'मोलेस' यातला 'एस' म्हणजे आपला 'चा-ची-चे', षष्ठीचा प्रत्यय. तो काढला की उरतो तो माणूस. येथे ओ हा स्वरही फसवा आहे, कारण त्या काळचे लेखनिक उ आणि ओ यांची सरमिसळ करीत. मूळ नाव 'मूल' असे होते. दीर्घ ऊकार. मी वहीत ते तसेच लिहिले आणि माझ्याच अक्षराकडे पाहून हसू आले, कारण मराठी डोळ्याला ते लेकरू वाटते, किंवा झाडाचे मूळ, किंवा चंद्रपूर जिल्ह्यातले गाव. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर. लॅटिनमधून आलेला शब्द. माणसाचे नाव खेचर कसे असेल, असा प्रश्न मला पडला, पण तो क्षणभरच. ज्या भाषेत पोर जगावे म्हणून त्याचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवण्याची रीत होती, त्या भाषेतल्या बाईने याचे नवल करू नये.

शिवाय या नावाचा एक माणूस इतिहासात ठळकपणे येतो. वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा भाऊ मूल हा ६८६ साली केंटच्या गादीवर बसवला गेला, आणि पुढच्याच वर्षी केंटमधल्या लोकांनी त्याला बारा माणसांसह जाळून मारले, अशी नोंद जुन्या इंग्रजी बखरीत आहे. सात वर्षांनी, ६९४ साली, वेसेक्सचा नवा राजा इने याला केंटच्या लोकांनी या खुनाबद्दल मोठी भरपाई देऊन तह केला. 'मूल' हे टोपणनाव असावे, आणि खेचर जसे दोन जातींच्या संकरातून जन्मते तसा हा मिश्र रक्ताचा, अर्धा ब्रिटन, म्हणजे सॅक्सनांच्या आधीपासून तेथे राहणाऱ्या, वेल्श लोकांच्या पूर्वजांपैकी, आणि अर्धा सॅक्सन, म्हणून ते पडले असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच्या भावाचे कॅडवाला हे नावदेखील वेल्श वळणाचेच आहे. हंटिंग्डनशायरमधला मूल म्हणजे हा राजपुत्र नव्हे. त्या नावाचा, त्याच्यासारखाच कोणीतरी, कदाचित त्याच कारणाने ते नाव मिळालेला शेतकरी. त्याच्याविषयी इतकेच उरले आहे की त्याने एकदा जमिनीच्या एका तुकड्याला कुंपण घातले.

एवढ्यावर मी थांबले असते तर चालले असते, परंतु पोस्टकार्डातला 'आधार' हा शब्द मला स्वस्थ बसू देईना. मूल हे खरेच गावोगावी आढळणारे नाव होते का? बाईंनी मला आणखी चार नावे दिली. बकिंगहॅमशायरमधले मोल्सो ही मूलची टेकडी, एसेक्समधले मोल्शॅम हे मूलचे घर, यॉर्कशायरमधले मोल्सक्रॉफ्ट हे मूलचे शेत, आणि थेम्सकाठचे मोल्सी हे मूलचे बेट. त्यांतले मोल्सी मला सर्वांत आवडले. सातव्या शतकातल्या सनदेत त्याचे नाव येते. त्याच्याजवळ थेम्सला मिळणाऱ्या नदीला आज मोल म्हणतात, आणि बिळे करणाऱ्या प्राण्याप्रमाणे ही नदी काही ठिकाणी जमिनीखाली गडप होते म्हणून तिला ते नाव पडले, अशी सुरस कथा तेथे सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. नदीचे जुने नाव एमेल असे काहीतरी होते. मोल्सी या गावाच्या नावाची फोड लोकांनी मागाहून चुकीची केली आणि 'मोल नदीवरचे ते मोल्सी' असे समजून नदीलाच नवे नाव दिले. म्हणजे माझ्यासारख्याच कोणा अतिउत्साही माणसाची चूक इतकी रुजली की नकाशावर गेली. हे वाचून मला दिलासा वाटायला हवा होता. वाटली ती धास्ती.

आणि फसवे जुळेही असतात. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचे गाव आहे. घाईने वाचणाऱ्याला ते तेच वाटेल, परंतु तेथे मूल नाही. डोक्याचा माथा, त्यावरून टेकडी, अशा अर्थाचा निराळा शब्द आहे. एका 'ड'ने माणूस बदलतो. मुद्रितशोधकाला हे सांगावे लागत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी जावयांनी मला मोल्सवर्थला नेले. हमरस्ता सोडून गाडी अरुंद वाटेला लागली आणि पाच-सात मिनिटांत गाव आले आणि संपलेही. थोडी घरे, एक खानावळवजा दारूघर, संत पीटरचे लहान चर्च, आणि भोवती गहू. चर्चच्या आतल्या भिंतीवर जुनी चित्रे आहेत. लहानग्या येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर त्यांत ओळखू येतो. रंग विटलेले आहेत. मी तेथे पाच मिनिटे बसले. दारूघराच्या बाईंना मी सांगितले की, या गावाचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या ग्रंथालयात आहे. त्यांनी मला चहाचे पैसे लावले नाहीत, पण माझ्यावर विश्वास ठेवला असेल असे वाटत नाही.

गावापेक्षा मोठे कुंपण मात्र गावाबाहेर दिसले. लगतच्या जमिनीवर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमानांचा तळ होता, आणि १९८०च्या दशकात तेथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरल्यावर शांततावादी लोकांनी तेथे मुक्काम ठोकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये सुमारे दीड हजार सैनिकांनी एका रात्रीत त्यांना हटवून तळाभोवती मैलोगणती तारेचे कुंपण उभारले, आणि त्या वेळी संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन लष्करी जाकीट घालून तेथे फिरत होते, याची आठवण त्या भागातले लोक अजून काढतात. क्षेपणास्त्रे पुढे करारानुसार गेली, तळ राहिला. तारेपलीकडे पाहत असताना जावई म्हणाले की, तुमच्या मूलने एवढे मोठे घातले नसेल. मी मान हलवली. परदेशी लष्करी तळाच्या कुंपणाजवळ वही काढून लिहीत उभे राहणे बरे दिसत नव्हते, म्हणून आम्ही लवकर निघालो.

आता राहिला प्रश्न तो गावाचे नाव माणसाला चिकटले कसे, हा. येथे मात्र कोणाची मदत लागली नाही. माझ्या माहेरचे आणि सासरचे, दोन्ही आडनावे 'कर'कारान्त आहेत. गावात राहतो तोवर गावाचे नाव कोणी लावत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे. माणूस गाव सोडतो तेव्हा परगावचे लोक त्याला त्या नावाने हाक मारू लागतात. इंग्लंडमध्येही हेच झाले. नॉर्मन अंमलानंतरच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत तेथे वंशपरंपरागत आडनावे स्थिरावत गेली. बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि गावावरून ती पडली. गाववाली आडनावे आरंभी फ्रेंच 'द' लावून, म्हणजे 'अमक्या गावचा' अशा अर्थाने लिहीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायर यांचा शेरीफ असलेला वॉल्टर द मोल्सवर्थ अशा रूपानेच कागदोपत्री येतो. पुढे तो 'द' गळून गेला आणि नुसते गाव उरले. आपण 'कर' टिकवला, त्यांनी प्रत्यय टाकून दिला, एवढाच फरक. गाव लहान आणि एकच असल्यामुळे आडनावही विरळ राहिले. स्मिथ गावोगावी जन्मले, पण मोल्सवर्थ होण्यासाठी या एका वस्तीतून बाहेर पडावे लागत होते.

बाहेर पडलेले पुष्कळ लांब गेले. एलिझाबेथ राणीच्या काळात एक शाखा कॉर्नवॉलमध्ये गेली आणि पेनकॅरो येथे स्थायिक झाली. त्या घराण्याला १६८९ साली बॅरोनेट हा किताब मिळाला तो हेंडर मोल्सवर्थ याच्यामुळे, जो जमेकाचा कारभार पाहत होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तेथील हस्तकही होता. वंशावळीच्या सुबक पुस्तकांत हा भाग पटकन उरकतात. त्याच घराण्यातला विल्यम मोल्सवर्थ १८५५ साली ब्रिटनचा वसाहतमंत्री होता. आयर्लंडच्या शाखेतल्या रॉबर्टने डेन्मार्कच्या राज्यकारभारावर १६९४ साली लिहिलेले पुस्तक गाजले होते, आणि डब्लिनमध्ये मोल्सवर्थ रस्ता आजही आहे. आपला कोशकार मुंबईच्या पलटणीत आला. यांपैकी कोणाच्या मनात कुंपण घालणारा तो मूल कधी आला असेल, असे मला वाटत नाही.

सप्टेंबरात पुण्याला परतले. सामान लावण्यापूर्वी मी कोश काढला, कारण विमानात एक शब्द सारखा डोक्यात घोळत होता. कुंपण घातलेली जागा, मग त्यातले घर, मग वस्ती, आणि आधी मालकाचे नाव, सावंतवाडी, धोंडेवाडी. मी 'वाडी' हा शब्द काढला. मोल्सवर्थने त्याचा पहिला अर्थ दिला आहे तो कुंपणाने बंदिस्त केलेला कुरणाचा, शेताचा किंवा बागेचा तुकडा. दुसरा दिला आहे शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा समूह, खेडे. आणि पुढे जोडले आहे की, कोकणातली गावे बहुधा अशा सुट्या वस्त्यांची बनलेली असल्यामुळे विखुरलेल्या गावाच्या एका भागालाही वाडी म्हणतात. इंग्लंडमधल्या स्थलनामांच्या अभ्यासकांनी 'वोर्थ'विषयी जे सांगितले, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच पायऱ्यांनी हे लिहिलेले आहे. शास्त्र्यांना शेजारी बसवून, वाडी म्हणजे नेमके काय हे खोदून विचारून त्याने ती नोंद केली असणार. ती करताना आपल्याच आडनावाच्या उत्तरार्धाचा अर्थ आपण लिहीत आहोत, हे त्याला ठाऊक होते की नव्हते, कोण सांगणार? मला ते पान बंद करवेना. सव्वीस वर्षे त्या पानावरून मी कितीदा गेले असेन.

सांगलीच्या त्या वाचकांना मी चार पानी पत्र लिहिले, चुकीची कबुली दिली, आणि मोल्सवर्थ याचे मराठी करायचेच तर ते 'मूलवाडीकर' असे होईल, असे कळवले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावरच आले: 'आधार पोचला. समाधान झाले.' दिवाळी अंकाच्या संपादकांनाही मी आठ ओळींची दुरुस्ती पाठवली आणि ती पुढच्या वर्षीच्या अंकात शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या वर, छापून आली. मी लिहिले होते: 'मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी.' तेथल्या मुद्रितशोधकाला ते रूप अशुद्ध वाटले असावे, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही वाटले असते. छापले आहे ते असे: 'मोल्सवर्थ म्हणजे मुलांची वाडी.'